शून्य पत्त्यावर कोण राहतं?

मागच्या वेळी आपण युनिक्स एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर कसं गेलं ते पाहिलं. आज त्याच प्रवासातली एक तक्रार बघायची आहे. पन्नास वर्षांत प्रत्येक पिढीच्या प्रोग्रॅमरने ती केलेली आहे: "त्या मशीनवर व्यवस्थित चालत होता हो! इथे आणला आणि पहिल्याच मिनिटाला मेला."

तक्रार करणारा खोटं बोलत नसतो. त्याचा सी भाषेतला प्रोग्रॅम खरोखरच पाच-पाच वर्षं बिनबोभाट चाललेला असतो. मग नवा कंपायलर येतो, किंवा तोच कंपायलर नव्या आवृत्तीत येतो, आणि पडद्यावर उमटतं "सेगमेंटेशन फॉल्ट". शोध घेतला की दहापैकी बऱ्याच वेळा एकच चोर सापडतो. त्याचं नाव नल पॉइंटर. नल-दमयंतीमधला नल नव्हे, पण अचानक गायब होण्याचा गुण मात्र दोघांत सारखाच. (हशा)

ज्यांनी सी कधी लिहिलेली नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. पॉइंटर म्हणजे पत्ता. संगणकाच्या स्मृतीतल्या प्रत्येक खोलीला क्रमांक असतो, आणि पॉइंटरमध्ये तो क्रमांक ठेवलेला असतो. कधीकधी सांगावं लागतं की "सध्या पत्ताच नाही": यादी संपली, शोधलेलं नाव मिळालं नाही, स्मृती शिल्लक नाही. त्यासाठी एक खास किंमत लागते, तीच नल. या "पत्ता नाही"ला खरा पत्ता समजून प्रोग्रॅम तिथे गेला, तर काय होईल? आजचं सगळं व्याख्यान या एका प्रश्नावर आहे, कारण त्याचं उत्तर भाषेने कधी दिलंच नाही. ते दिलं यंत्राने, कधी ऑपरेटिंग सिस्टिमने, कधी कंपायलरने. प्रत्येकाने वेगळं दिलं.

नल ही कल्पना सीपेक्षा जुनी आहे. टोनी होअर यांनी १९६५मध्ये अल्गॉल डब्ल्यू या भाषेसाठी संदर्भांची रचना करताना ती घातली. २००९मध्ये लंडनच्या एका परिषदेत त्यांनी तिला स्वतःची अब्ज डॉलरची चूक म्हटलं. अंमलात आणायला फार सोपी होती, म्हणून मोह आवरला नाही, असं त्यांचं म्हणणं. ही गोष्ट इतक्यांदा सांगितली जाते की सगळा दोष होअर यांच्या माथी मारून लोक मोकळे होतात. मला ते पटत नाही. नल असणं ही एक गोष्ट झाली, आणि नलच्या मागे गेल्यावर काय होईल हे मोघम ठेवणं ही दुसरी. ही दुसरी गोष्ट बेल लॅब्जच्या वातावरणातून आली.

डेनिस रिची यांनी १९७२च्या सुमारास सीला आकार दिला तो पीडीपी-११ या यंत्रावर. सीची आई म्हणजे बी भाषा. तिच्यात प्रकार नव्हतेच. आकडा आणि पत्ता एकाच मापाच्या खोलीत राहायचे, कुणाला काय म्हणायचं ते वापरणाऱ्याने ठरवायचं. सीमध्ये प्रकार आले, तरी घरातली सवय गेली नाही. पत्ता नाही हे सांगायला शून्य लिहायचं, ही त्यातलीच सवय. आणि इथे एक गंमत झाली. शून्य हा खरोखरचा पत्ताही होता. पीडीपी-११वर युनिक्सचा प्रोग्रॅम स्मृतीत चढायचा तो शून्यापासूनच. म्हणजे घर क्रमांक शून्यला "इथे कोणी राहत नाही" अशी पाटी, आणि आत मात्र प्रोग्रॅमच्या स्वतःच्या सुरुवातीच्या सूचना बसलेल्या. नल पॉइंटरने वाचायला गेलात तर काहीतरी वाचून मिळायचं. निरर्थक, पण मिळायचं.

खरी गोष्ट सुरू होते ती व्हॅक्सपासून. डिजिटल कंपनीने व्हॅक्स-११/७८० हे यंत्र १९७७च्या ऑक्टोबरात जाहीर केलं. बर्कली विद्यापीठातल्या मंडळींनी त्याच्यावर युनिक्स वाढवलं, आणि १९८०च्या दशकाच्या पूर्वार्धात बर्कली युनिक्स आणि व्हॅक्स ही जोडी विद्यापीठांमध्ये जवळजवळ प्रमाण झाली. या जोडीवरही प्रोग्रॅम शून्यापासूनच चढायचा. पण तिथे पहिल्या जागी काय होतं बघा. व्हॅक्सच्या फंक्शन-कॉलच्या रीतीप्रमाणे प्रत्येक फंक्शनच्या आरंभी दोन बाइटचा एक मुखवटा असायचा: कुठले रजिस्टर जपून ठेवायचे त्याची यादी. प्रोग्रॅम सुरू करणाऱ्या पहिल्या तुकड्याला कुठलेच जपायचे नव्हते. त्यामुळे त्याचा मुखवटा शून्य. म्हणजे पत्ता शून्य, आणि त्या पत्त्यावरचा मजकूरही शून्य.

याचा परिणाम काय झाला? सीमध्ये शब्दांची ओळ शून्य बाइटवर संपते. तेव्हा व्हॅक्सवर नल पॉइंटरला ओळ समजून वाचलंत तर मिळायची रिकामी ओळ. लांबी विचारा, शून्य. कशाशी तुलना करा, "जुळत नाही". छापा, काहीच छापलं जायचं नाही. किती सोयीचं! समजा तुम्ही गेटएनव्ही या फंक्शनला विचारलंत की वापरणाऱ्याने आवडता एडिटर सांगून ठेवला आहे का. त्याने सांगितला नसेल तर उत्तर येतं नल. नियमाप्रमाणे तपासायला हवं. पण व्हॅक्सवर न तपासताही सगळं ठीक चालायचं, कारण "नाही सांगितला" आणि "रिकामं नाव सांगितलं" यांत फरकच पडत नव्हता. लिहायला गेलात तर मात्र मार बसायचा, कारण सूचनांचा भाग फक्त वाचण्यापुरता खुला असे. वाचणाऱ्याला माफी, लिहिणाऱ्याला शिक्षा. अशा घरात वाढलेल्या मुलाला काय वळण लागेल, सांगा.

आता लक्षात घ्या, हा दोष व्हॅक्सचाही नव्हता. त्याच यंत्रावर डिजिटल कंपनीची स्वतःची व्हीएमएस नावाची ऑपरेटिंग सिस्टिम चालायची. तिने स्मृतीचं पहिलं पान मुद्दाम कुलूपबंद ठेवलं होतं. शून्य पत्त्यावर हात लावला की "ॲक्सेस व्हायोलेशन", आणि प्रोग्रॅम खलास. यंत्र तेच, भाषा तीच, प्रोग्रॅम तोच. बर्कलीत चालतो, व्हीएमएसवर मरतो. एखादी गोष्ट "चालते" असं आपण म्हणतो तेव्हा त्या विधानात किती भाडेकरू लपलेले असतात ते इथे दिसतं.

मग आले सन कंपनीचे वर्कस्टेशन. आत मोटोरोलाचा ६८००० घराण्यातला प्रोसेसर, वर बर्कलीचंच युनिक्स. स्वस्त, टेबलावर मावणारे, त्यामुळे प्रयोगशाळा व्हॅक्सवरून भराभर तिकडे वळल्या. सननेही पहिलं पान रिकामं ठेवलं आणि प्रोग्रॅम त्याच्या पुढे चढवला. झालं. वर्षानुवर्षं चाललेली शेकडो साधनं, नेटवर्कवरून फुकट वाटली गेलेली, एकामागून एक कोसळू लागली. "सगळं जग म्हणजे व्हॅक्सच" असा टोमणा त्या काळात रूढ झाला तो यातूनच. टोरोंटो विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात संगणकांची व्यवस्था पाहणारे हेन्री स्पेन्सर यांनी सी प्रोग्रॅमरांसाठी बायबलच्या थाटात दहा आज्ञा लिहिल्या. त्यातली दुसरीच आज्ञा नल पॉइंटरच्या मागे जाऊ नका अशी आहे, आणि दहावी या व्हॅक्सभक्तीवर. विनोदी लेखन आहे ते, पण लिहिणाऱ्याने रात्री जागून काढल्या आहेत हे ओळीओळीत कळतं.

ज्यांच्यावर हे प्रोग्रॅम नव्या यंत्रावर आणायची जबाबदारी पडायची ते नेमकं काय करायचे? इथे जरा थांबू या. हे काम इतिहासात कुठे नोंदलं जात नाही, पण माणसांची वर्षं त्यात गेलेली आहेत.

प्रोग्रॅम मरताना स्मृतीची एक प्रत मागे टाकून जातो, तिला कोर म्हणतात. ती एडीबी किंवा डीबीएक्ससारख्या डीबगरमध्ये उघडायची. डीबगर सांगणार की मृत्यू अमुक फंक्शनमध्ये झाला. आणि जवळपास नेहमीच ते फंक्शन तुमचं नसायचं! ओळीची लांबी मोजणारं स्ट्रलेन, तुलना करणारं स्ट्रकंप, असलं ग्रंथालयातलं काहीतरी. नवशिक्या लगेच म्हणणार, नव्या कंपनीचं ग्रंथालयच बिघडलेलं आहे. जाणता माणूस एक पायरी वर बघायचा: याला बोलावलं कुणी आणि हातात काय दिलं? तिथे शून्य दिसलं की आणखी वर. हे शून्य आलं कुठून? अशा पायऱ्या चढत जायचं. शेवटी सापडायची एखादी फाइल, जी जुन्या यंत्रावर होती आणि नव्यावर नाही. किंवा एखादं नाव, जे जुन्या प्रशासकाने नोंदवलेलं होतं आणि नव्याने नाही. प्रोग्रॅम त्या अभावाची दखल न घेता पुढे गेलेला असायचा.

दुसरी खूण जरा चलाख आहे. कधीकधी ज्या पत्त्यावर अपघात झाला तो शून्य नसतो, चोवीस असतो, किंवा चाळीस. लोक चक्रावतात. पण पॉइंटर एखाद्या रचनेकडे बोट दाखवत असेल आणि तुम्ही तिच्यातला चोविसाव्या बाइटवरचा घटक मागितला असेल, तर शून्य अधिक चोवीस बरोबर चोवीस. असा लहानसा पत्ता दिसला की अनुभवी माणूस रचनेची व्याख्या काढून बोटाने घटक मोजत बसायचा. आजही हीच रीत आहे, साधनं तेवढी बदलली.

कंपन्यांनी यावर काय केलं तेही मनोरंजक आहे. ग्राहकाला स्वतःचे जुने प्रोग्रॅम दुरुस्त करायचे नसतात, त्याला ते चालवायचे असतात. म्हणून ह्यूलेट-पॅकार्डच्या युनिक्समध्ये लिंकरला पर्याय ठेवला: नलमधून वाचलं तर शून्य द्यायचं, की प्रोग्रॅम मारायचा. न सांगितल्यास उदार धोरण. आयबीएमच्या एआयएक्सने पहिलं पान वाचायला सरळ मोकळंच ठेवलं, आणि त्यांच्या कंपायलरने त्याचा फायदाही उठवला. नल आहे की नाही ही तपासणी होण्याआधीच तो वाचन उरकून घ्यायचा, कारण वाचल्याने तिथे काही बिघडत नाही हे त्याला ठाऊक. आणि ज्या सनने व्हॅक्सभक्तांना रडवलं, त्याच सनने पुढे सोलारिसमध्ये एक चिमुकलं ग्रंथालय दिलं. त्याचं नावच "शून्यावर शून्य" अशा अर्थाचं. प्रोग्रॅमच्या आधी ते चढवलं की शून्य पत्त्यावर शून्य आणून ठेवायचं. व्हॅक्स मेलं, पण त्याचं भूत सांभाळायला सनने एक खोली दिली.

माझं मत विचाराल तर असल्या सोयी म्हणजे दुखणं दाबणारी गोळी. पण ज्या बँकेचा किंवा कारखान्याचा प्रोग्रॅम लिहिणारा माणूस कधीच निघून गेलेला आहे, तिला गोळी नाकारणारा मी कोण?

आता आपल्या घराजवळ येऊ. या सभागृहात पस्तिशी ओलांडलेले जेवढे इंजिनिअर आहेत त्यांना निळी खिडकी आठवत असेल. टर्बो सी! बोरलँडने १९८७मध्ये आणलेला हा कंपायलर आपल्याकडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत पुढे किती वर्षं टिकून राहिला, ते मी सांगायला नको. नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं "लेट अस सी" हातात आणि समोर टर्बो सी, अशा जोडीने हजारो मुलं ही भाषा शिकली. आणि त्यातल्या बहुतेकांनी एक संदेश पाहिलेला आहे. प्रोग्रॅम पूर्ण चालतो, उत्तर बरोबर येतं, आणि अगदी शेवटी एक ओळ उमटते: "नल पॉइंटर असाइनमेंट". बाईंना विचारलं तर त्या म्हणणार, जाऊ दे, उत्तर बरोबर आहे ना?

ही ओळ येते कुठून? डॉसच्या काळात प्रोसेसर ज्या पद्धतीने चालायचा तिच्यात स्मृतीला कुलूपच नव्हतं. शून्य पत्त्यावर जाणाऱ्याला अडवणारं कोणी नाही. मग बोरलँडने एक युक्ती केली. लहान मेमरी मॉडेलमध्ये विदाखंडाच्या अगदी सुरुवातीला थोडी शून्यं आणि नंतर स्वतःची कॉपीराइटची ओळ ठेवली. प्रोग्रॅम संपताना तेवढ्या भागाची बेरीज करून बघायची. ती जुळली नाही तर कुणीतरी नल पॉइंटरमधून इथे लिहून गेलेलं आहे. म्हणजे उंबऱ्यावर पीठ पसरून ठेवायचं आणि सकाळी पावलं उमटली का ते बघायचं. चोर कोण, कधी आला, कुठून आला, काही कळत नाही. आला होता एवढंच.

नेहमीचा चोर असा: बाहेर जाहीर केलेला अक्षरांचा पॉइंटर, ज्याला कुठलीही जागा दिलेली नाही, आणि स्कॅनएफने त्यात थेट नाव वाचून घेतलं. बाहेरच्या चलांना सी शून्य किंमत देते. म्हणून नाव जाऊन बसलं शून्यावर, कॉपीराइटच्या ओळीच्या डोक्यावर. नंतर प्रिंटएफ केलं तर नाव छापूनही आलं! मुलाला वाटलं, जमलं. तोच प्रोग्रॅम लिनक्सवर जीसीसीने बांधला की नाव टाइप करून एंटर दाबताक्षणी सेगमेंटेशन फॉल्ट. मुलगा म्हणतो जीसीसी कठीण आहे. जीसीसीचा यात काही संबंध नाही. कुलूप लिनक्सचं.

मोठं मेमरी मॉडेल घेतलंत तर पिठाची युक्तीसुद्धा नाही. तिथे नलचा पत्ता खरोखर स्मृतीचा अगदी पहिला बाइट, आणि त्या जागी इंटरप्टची सारणी असते. पहिलीच नोंद शून्याने भागाकार झाल्यास कुठे जायचं त्याची. तुम्ही नलमध्ये लिहून ती पुसून टाकली, तरी लगेच काही होत नाही. पुढे केव्हातरी, कुठेतरी शून्याने भागाकार होतो आणि अख्खं यंत्र गोठतं. कारण आणि परिणाम यांच्यात इतकं अंतर पडलं की माणूस शोधणार कुठे?

याच मोठ्या मॉडेलात आणखी एक सापळा होता. पूर्णांक दोन बाइटचा, पॉइंटर चार बाइटचा. काही फंक्शनांना कितीही गोष्टी देता येतात, आणि यादी संपली हे सांगायला शेवटी नल द्यायचा. लोक नलऐवजी नुसतं शून्य लिहायचे. एरवी कंपायलरला कळतं की इथे पॉइंटर हवा. पण अशा सैल यादीत त्याला कळायला मार्ग नसतो, तो दोन बाइटचं शून्य पाठवतो. घेणारा चार बाइट उचलतो. अर्धं शून्य, अर्धा कचरा. नलसुद्धा अर्धाच पोहोचला! आठ बाइटच्या पॉइंटरचे यंत्र आले तेव्हा ही गोष्ट नव्याने घडली. त्याच काळात मॅलॉकची घोषणा न करता ते वापरणाऱ्यांचे हालही झाले. घोषणा नाही म्हणून कंपायलर समजायचा की पूर्णांक परत येतो आहे, आणि पत्त्याचा वरचा अर्धा भाग कापून टाकायचा.

नल म्हणजे सगळे बिट शून्य, असंही भाषा म्हणत नाही, बरं का. प्राइम कंपनीच्या काही यंत्रांवर, हनीवेल-बुलच्या मेनफ्रेमवर नलचा अंतर्गत आकार वेगळाच होता. तिथे स्मृती शून्याने पुसून "सगळे पॉइंटर आता नल झाले" असं मानणाऱ्याची फसगत ठरलेली. आज ती यंत्रं संग्रहालयात आहेत, म्हणून पुढे जातो.

आतापर्यंतच्या सगळ्या गोष्टींत कंपायलर हा निमूट कारकून होता. सांगितलं ते लिहून दिलं. पुढच्या पर्वात तो वकील होतो.

१९८९मध्ये अमेरिकेत सीचं प्रमाण ठरलं. यंत्रं इतकी वेगवेगळी होती की नलच्या मागे गेल्यास काय व्हावं हे ठरवणं समितीला परवडणारं नव्हतं. तेव्हा म्हटलं गेलं, हे वर्तन अव्याख्यात. काहीही होऊ शकतं. हेतू साधा होता: प्रत्येक यंत्राने आपापल्या सोयीने बघावं. पण शब्द वाचणारे बदलले. कंपायलर हुशार होत गेले तसे ते या वाक्याचा अर्थ असा लावू लागले: शहाणा प्रोग्रॅमर असं कधी करणारच नाही, तेव्हा तो करत नाही हे गृहीत धरून मी कोड आखूड करतो.

२००९च्या जुलैमध्ये याचं उदाहरण जगासमोर आलं. लिनक्स कर्नलच्या २.६.३० या आवृत्तीत ट्यून नावाचा आभासी नेटवर्क उपकरणाचा भाग होता. त्यातल्या एका फंक्शनमध्ये आधी पॉइंटरच्या आतला घटक वाचून घेतला होता, आणि त्याच्या नंतर तपासलं होतं की पॉइंटर नल तर नाही ना. असेल तर चूक कळवून परत फिर. क्रम उलटा आहे, हे उघड आहे. पण तपासणी आहे! जीसीसीने असा विचार केला: वर याच पॉइंटरमधून वाचलेलं आहे, म्हणजे तो नल असूच शकत नाही, म्हणजे खालची तपासणी फुकटची. आणि ती ओळ काढून टाकली. मूळ मजकूर डोळ्यांसमोर ठेवून वाचणाऱ्याला तपासणी दिसते आहे, यंत्राला मिळालेल्या सूचनांमध्ये ती नाही.

एरवी काय झालं असतं? शून्य पान रिकामं असतं तर पहिल्या वाचनालाच कर्नल ओरडला असता. पण हल्लेखोराने आपल्या प्रोग्रॅमच्या शून्य पत्त्यावर स्वतःचं पान आणून ठेवलं, म्हणजे घर क्रमांक शून्यमध्ये स्वतःच भाडेकरू होऊन बसला. आता कर्नल नलमधून वाचतो ते हल्लेखोराने लिहून ठेवलेलं. तपासणी शाबूत असती तर पुढच्याच ओळीला कर्नल माघारी फिरला असता, काही बिघडलं नसतं. ती नसल्यामुळे तो त्या बनावट मजकुरावर विसंबून पुढे गेला, आणि साध्या वापरकर्त्याच्या हाती अख्ख्या यंत्राची किल्ली आली. ब्रॅड स्पेंग्लर यांनी हे करून दाखवलं. शून्याजवळची पानं सामान्य प्रोग्रॅमला मागताच येऊ नयेत अशी मर्यादा कर्नलमध्ये २००७पासून होती, पण तिला वळसा घालायच्या वाटाही त्यांनी दाखवल्या. त्यानंतर कर्नल बांधताना जीसीसीला स्पष्ट बजावलं जाऊ लागलं: नलच्या तपासण्या काढू नकोस.

दोषी कोण? या प्रश्नावर लोक आजही हातघाईवर येतात. कंपायलरवाले म्हणतात, नियम तुम्ही मोडला. कर्नलवाले म्हणतात, माणूस चुकणारच, त्याने लावलेली कडी तुम्ही का काढता? माझा कल कर्नलवाल्यांकडे आहे, हे लपवत नाही. पण कंपायलरचं म्हणणंही समजून घ्या. एका लहान फंक्शनचा मजकूर दुसऱ्यात दहा ठिकाणी चिकटवला जातो, तेव्हा खरोखरच फुकटच्या अशा तपासण्यांचा ढीग जमतो. तो उपसला नाही तर प्रोग्रॅम संथ होतो, आणि मग आपणच कंपायलरला नावं ठेवतो.

हीच भानगड छोट्या रूपात रोज भेटते. लिनक्सवरचं प्रिंटएफ नल ओळ आली तर समजूतदारपणे कंसात "नल" असं छापतं. सोलारिसवर तेच मरायचं, ही जुनी तक्रार. पण लिनक्समधल्या लिनक्समध्येही फरक पडतो! फक्त एक ओळ छापून नवी ओळ सुरू करायची असेल, तर जीसीसी प्रिंटएफच्या जागी पुट्स हे हलकं फंक्शन बसवतो. पुट्सला तो समजूतदारपणा नाही. म्हणजे तुम्ही प्रिंटएफ लिहिलंत, डीबगर सांगतो पुट्समध्ये मेला, आणि तुम्ही अख्ख्या प्रोग्रॅममध्ये पुट्स शोधत बसता. मिळणार कसं? छापायच्या मजकुरात एखादं अक्षर वाढवा, प्रोग्रॅम जिवंत होतो. असलं काही दिसलं की लोकांचा भुताखेतांवर विश्वास बसतो.

२०१४च्या जीसीसी ४.९ने आणखी एक पाऊल टाकलं. स्मृतीचा तुकडा हलवणाऱ्या मेममूव्हला पॉइंटर दिलात ना, मग तो नल नाही, असं धरून पुढची तपासणी रद्द. लांबी शून्य असली तरीही. २०१६च्या जीसीसी ६मध्ये सी प्लस प्लसवाल्यांची पाळी आली. वस्तूचा स्वतःकडे बोट दाखवणारा पॉइंटर नल नसतोच असं धरल्यामुळे क्यूटी, क्रोमियम यांसारख्या मातब्बर प्रकल्पांमधला कोड अडखळला, आणि जीसीसीच्या मार्गदर्शिकेत त्यांची नावं घेऊन इशारा द्यावा लागला. हे काही शिकाऊ लोकांचे प्रोग्रॅम नव्हेत.

उपाय करणारेही होतेच. स्टीफन जॉन्सन यांचं लिंट बेल लॅब्जमध्ये १९७०च्या दशकातच आलं. पुढे व्हॅल्ग्रिंड आलं, ॲड्रेस सॅनिटायझर आलं. प्रोग्रॅम न चालवता त्यातल्या अशा जागा हुडकायच्या पद्धतींवर आपल्याकडेही काम झालं. मुंबईच्या आयआयटीत उदय खेडकर यांनी जीसीसीच्या अभ्यासासाठी केंद्र चालवलं. त्यांनी, अमिताभ सन्याल आणि अमेय करकरे यांनी २००७मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात तर उलटा प्रश्न घेतला आहे: जे दुवे प्रोग्रॅम पुन्हा वापरणारच नाही, त्यांना आपण होऊन नल करता येईल का, म्हणजे अडकलेली स्मृती मोकळी होईल? गंमत अशी की तसं नल लिहायला जाताना वाटेत दुसराच एखादा नल आडवा आला तर चालणारा प्रोग्रॅम आपणच मारू. म्हणून तो रस्ता सुरक्षित आहे हे आधी सिद्ध करावं लागतं.

सीच्या २०२३च्या प्रमाणात नलला स्वतःचा शब्द मिळाला, नलपॉइंटर, आणि सैल यादीतल्या अर्ध्या शून्याची कटकट निदान नव्या कोडपुरती मिटली. आणि मेमकॉपी, मेममूव्हबद्दल सांगितलं ना? लांबी शून्य असेल तर नल दिलेला चालेल, हे समितीने पुढच्या प्रमाणासाठी २०२४मध्ये मान्य केलं. १९८९ ते २०२४, म्हणजे पस्तीस वर्षं, शून्य बाइट शून्य पत्त्यावरून हलवायची परवानगी मिळायला. आता प्रश्न घेऊ या. मागे हात वर आहे, त्यांच्याकडे माइक द्या.